घरी गाणं रेकॉर्ड करताना: माइकपासून फाइलपर्यंतची जोडणी

ग्वाल्हेरची गायकी रेकॉर्डिंग करणाऱ्याची परीक्षा पाहते. ख्याल सुरू होतो तेव्हा आवाज मध्य सप्तकात, ठाय लयीत असतो. वीस मिनिटांनी त्याच गळ्यातून तार षड्जापर्यंत जाऊन खाली कोसळणारी सपाट तान येते. सुरुवातीचा आवाज ऐकून यंत्राची पातळी लावली असेल, तर नेमकी तीच तान फाटते. फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं पहिल्यासारखा होत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात किंवा मुरारच्या फ्लॅटमध्ये बसून ज्यांना स्वतःचा रियाझ, घरची बैठक किंवा आजोबांच्या कॅसेटमधलं गाणं संगणकात उतरवायचं आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. शहरात १९१४ पासून शंकर गांधर्व महाविद्यालय आणि १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय आहे. गाणं शिकणारी घरं इथे पुष्कळ, आणि गुरुजींना रेकॉर्डिंग पाठवायची वेळ आता प्रत्येकावर येते.

लॅपटॉपच्या भोकात थेट माइक का लावू नये

लॅपटॉपच्या बाजूचं ३.५ मिलिमीटरचं भोक हे फोनच्या हेडसेटसाठी असतं. तिथे माइकची बाजू मोनो असते, तिचा आवाज वाढवणारा भाग अगदी स्वस्तातला असतो, आणि तो मदरबोर्डवरच बसलेला असल्यामुळे प्रोसेसर, पंखा, हार्ड डिस्क यांची बारीक किरकिर त्यात मिसळते. मंडपवाल्याकडचा मोठ्या पिनेचा माइक कन्व्हर्टर लावून इथे जोडला, तर आवाज आला तरी हळू येतो, आणि तो वाढवला की किरकिरही तितकीच वाढते.

म्हणून मधे एक ऑडिओ इंटरफेस हवा. ही छोटी पेटी माइकचा कमकुवत सिग्नल स्वच्छपणे वाढवते, त्याचे आकडे करते आणि यूएसबीतून संगणकाला देते. सुरुवातीला दोन इनपुटची पेटी पुरते. चार इनपुटची घेण्याआधी वर्षभर दोनवर काम करून पाहा. बहुतेक घरांत तिसरं इनपुट लागतच नाही.

काय आणायचं

दुकानात जाताना नावं नीट माहीत असली की चुकीची वायर गळ्यात पडत नाही. तीन टोकांच्या गोल पिनेला कागदावर एक्सएलआर म्हणतात, साउंडवाले तिला कॅनन म्हणतात. ६.३५ मिलिमीटरची जाड पिन म्हणजे पी-थर्टीएट. तिच्या दांड्यावर एक काळी रेघ असेल तर ती मोनो, दोन असतील तर स्टिरिओ किंवा बॅलन्स्ड. टेपडेकच्या मागे असतात त्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना.

माइकची वायर दोन्ही बाजूंना कॅनन असलेलीच घ्या, एका बाजूला पी-थर्टीएट असलेली नको. कॅननच्या तीन टोकांपैकी पहिलं जमिनीचं, दुसऱ्यावर सिग्नल आणि तिसऱ्यावर तोच सिग्नल उलटा असतो. वाटेत विजेच्या तारेची गुणगुण शिरली तर ती दोन्ही तारांवर सारखी शिरते. पेटी दोन्हींमधला फरक घेते, त्यामुळे गुणगुण कापली जाते आणि गाणं उरतं. एका बाजूला मोनो पिन लावली की हे संरक्षण संपलं. तीन मीटरची वायर घरासाठी भरपूर होते.

माइक मुख्यतः दोन जातींचे. डायनॅमिक माइकला वीज लागत नाही. स्टेजवर सगळीकडे दिसणारा, १९६६ पासून बाजारात असलेला शुअर एसएम-५८ याच जातीचा. कंडेन्सर माइक जास्त बारकावे टिपतो, पण त्याला पेटीकडून ४८ व्होल्ट लागतात. त्याला फँटम पॉवर म्हणतात. खोली शांत असेल तरच कंडेन्सरचा उपयोग. खिडकीखालून टेम्पो आणि भाजीवाले जात असतील, तर तो तेही तितक्याच आवडीनं टिपेल. रस्त्यालगतच्या घरासाठी डायनॅमिकच बरा.

शिवाय कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा. उघड्या पाठीचा असेल तर त्यातला तानपुरा बाहेर गळून परत माइकमध्ये जातो. माइकचा स्टँड जड बुडाचा घ्या.

जोडण्याचा क्रम

१. पेटी संगणकाला लावण्याआधी तिच्या कंपनीच्या साइटवरून विंडोजसाठीचा ड्रायव्हर, म्हणजे पेटी चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या आणि संगणक एकदा बंद-चालू करा. आधी पेटी लावली तर विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर चिकटवतं. आवाज येतो, पण उशिरानं येतो. मॅकवर बहुतेक पेट्यांना ड्रायव्हर लागत नाही.

२. पेटीवरची सगळी बटणं शून्यावर आणि ४८ व्होल्टचा खटका बंद.

३. पेटीसोबत आलेलीच यूएसबी वायर वापरा. मोबाइल चार्जरबरोबरच्या काही वायरींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. दिवा लागतो आणि संगणकाला पेटी दिसत नाही, तेव्हा पहिला संशय वायरीवर घ्यावा. पेटी थेट लॅपटॉपला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या सॉकेटमध्ये. स्वस्त हब मधे नको. यूएसबी २.० चं सॉकेट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतं. हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि पेटी एकत्र आली की ४८ व्होल्ट सुरू करताच पेटी मान टाकते.

४. माइक जोडा. कॅनन पिन खट्‌ आवाज होईपर्यंत आत गेली पाहिजे.

५. माइक कंडेन्सर असेल तरच आता ४८ व्होल्ट सुरू करा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. बंद करताना उलटा क्रम: आधी गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) शून्य, मग ४८ व्होल्ट बंद, मग थोडं थांबून वायर काढा. खटका चालू असताना वायर ओढली की मोठा धप्पा बसतो. त्या वेळी हेडफोन कानावर असेल तर कानाला आणि स्पीकर चालू असेल तर स्पीकरला इजा होते. जुना रिबन माइक असेल तर त्या इनपुटवर ४८ व्होल्ट अजिबात नको. वायरीत दोष असला तर आतली पातळ पट्टी ताणली जाते.

६. हेडफोन पेटीच्याच सॉकेटमध्ये लावा, लॅपटॉपच्या नाही.

विंडोजमधल्या चार जागा

सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात साउंड, त्यात इनपुट. तिथे पेटीचं नाव निवडा आणि त्यावर टिचकी मारून आत जा. फॉरमॅट २४ बिट, ४८,००० हर्ट्‌झ ठेवा. फक्त ऑडिओ सीडीसाठीच काम असेल तर ४४,१००. दोन्हींत कानाला जाणवेल असा फरक नाही, पण एक ठरवून सगळीकडे तोच आकडा ठेवणं फार महत्त्वाचं आहे. फाइल ४४,१०० ची आणि ती ४८,००० समजून वाजवली, तर गाणं जलद होतं आणि सूर हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीनं चढतो. काळी एकमध्ये गायलेला षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लागतो. हार्मोनियमच्या कुठल्याच पट्टीशी न जुळणारं रेकॉर्डिंग हाती आलं की आधी हा आकडा तपासा.

त्याच पानावर ऑडिओ एन्हान्समेंट्स असतं. ते बंद. गाणाऱ्यांसाठी ही सर्वांत नुकसान करणारी सोय आहे. सतत चालणारा एकसारखा आवाज म्हणजे पंखा किंवा ट्रॅफिक, असं गृहीत धरून ती तो गाळते. तानपुरा हाही सतत चालणारा आवाज, त्यामुळे तो पहिल्या पाच सेकंदांत विरून जातो आणि लांबवलेला षड्ज मधेच पातळ होतो. ऑनलाइन शिकवणीत गुरुजींना तानपुरा ऐकू येत नाही त्याचं कारणही हेच. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये ओरिजिनल साउंडचा पर्याय असेल तर तो सुरू करावा.

प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये मायक्रोफोनची परवानगी दिलेली आहे ना, ते पाहा. नाहीतर सगळं बरोबर जोडूनही सरळ रेघ रेकॉर्ड होते. शेवटची जागा पॉवर प्लॅनची. तिथल्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, म्हणजे वीज वाचवण्याच्या नादात संगणक पेटीला झोपवणार नाही.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी मोफत आहे आणि रियाझासाठी पुरेसं आहे. त्यात ऑडिओ सेटअपमध्ये होस्ट म्हणून वासापी (WASAPI) निवडा आणि रेकॉर्डिंगसाठी पेटीचं नाव. नावापुढे लूपबॅक लिहिलेलं असेल तर ते नको. त्यातून संगणक स्वतः जे वाजवतो तेच रेकॉर्ड होतं. एकच माइक असेल तर चॅनेल मोनो करा. स्टिरिओ राहिलं की आवाज फक्त डाव्या कानात येतो आणि नवख्याला वाटतं हेडफोन बिघडला.

पातळी: ताना घेऊन लावा

गाणाऱ्याला "हॅलो, हॅलो" म्हणायला सांगून पातळी लावू नये. त्यांना त्या दिवसाच्या रागातली सगळ्यात चढी, सगळ्यात जोरकस तान घ्यायला सांगा, किंवा तराण्याचा द्रुत तुकडा. त्या वेळी मीटरचा सर्वोच्च बिंदू उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन ठेवा, आणि मग त्याला हात लावू नका. रंग चढला की माणूस तालमीपेक्षा मोठ्यानं गातो. ती जागा आधीच राखून ठेवायची असते.

आलापीच्या वेळी मीटर उणे ३० च्या आसपास रेंगाळतं आणि हात गेनकडे जातो. जाऊ देऊ नका. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ बिटमध्ये कागदावर १४४. हळू रेकॉर्ड झालेली आलापी नंतर वाढवता येते, खरखर न येता. शून्याला टेकलेली तान मात्र वरून सपाट कापली जाते, कारण शून्याच्या वरचा आकडाच यंत्राकडे नसतो.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येत असेल तर पेटीवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण (माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारं) सुरू करा आणि ऑडॅसिटीतलं प्लेथ्रू, म्हणजे संगणकातून आवाज परत ऐकवणारी सोय, बंद ठेवा. संगणकातून फिरून येणाऱ्या आवाजाला बफरएवढा, म्हणजे संगणक एका वेळी उचलतो त्या आकड्यांच्या गठ्ठ्याएवढा, उशीर होतो: ४८,००० वर २५६ चा बफर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २१, आणि हा फक्त एका बाजूचा हिशोब. लयीत गाणाऱ्याला वीसच्या पुढे अडखळायला होतं. पण बफर फार लहान केला की टिक्‌-टिक्‌ येते. डायरेक्ट मॉनिटर चालू असेल तर बफर खुशाल ५१२ किंवा १,०२४ ठेवा.

गुणगुण कुठून येते

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून गुणगुणही ५० आणि १०० हर्ट्‌झवर येते, मंद्रातल्या खर्जाच्या अगदी शेजारी. ती शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरच्या किंवा घराच्या अर्थिंगच्या बाजूचा. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात, तीच गळती यूएसबीतून पेटीत शिरते. तात्पुरता उपाय म्हणजे बॅटरीवर रेकॉर्डिंग करणं. कायमचा उपाय तीन पिनांचा चार्जर आणि चालू अर्थिंग. जुन्या वाड्यांत तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं, मागे तारच नसते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. धातूचा माइक ओठांजवळ धरून गाणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

गेली नाही तर लॅपटॉप, पेटी, स्पीकर सगळं एकाच बोर्डवर आणा. तरीही राहिली तर माइकची वायर अडॅप्टर आणि एक्स्टेन्शनपासून दूर न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. पंख्याचा रेग्युलेटर आणि मंद होणारे एलईडी दिवे बंद करून पाहा. दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवताना कर्कश भुणभुण येत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हवर ती येत नाही.

राहिला पंखा. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या वर जातो आणि पंखा, कूलर बंद करून तासभर गाणं शक्य नसतं. पहाटे पाचला बसा. भैरव, ललतची वेळही तीच आणि रस्ताही शांत असतो. उन्हाळ्यात संध्याकाळचे राग घ्यायचेच असतील तर वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. पंख्याखाली रेकॉर्ड करून मागाहून पंखा गाळायला गेलात, तर वर सांगितल्याप्रमाणे तानपुराही जातो.

माइक कुठे ठेवायचा

गाणाऱ्यापासून आठ ते दहा इंच, तोंडाच्या किंचित बाजूला. समोर धरला की "प" आणि "भ" ला फुंकर बसते. फार जवळ घेतला की खर्ज फुगतो. हार्मोनियमला दीड-दोन फूट. भात्याच्या अगदी जवळ नको. तबल्याला दोन्ही पुड्यांच्या मधे, वरून दीड फूट. दोन माइक असतील तर त्यांच्यातलं अंतर, प्रत्येक माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर त्याच्या तिप्पट तरी ठेवा. त्याहून कमी असेल तर एकच आवाज दोन्हीकडे थोड्या फरकानं पोचतो आणि पिंपात गायल्यासारखा पोकळ होतो.

पूर्ण बैठक दोन माइकवर घ्यायची असेल तर एक गायकाला, दुसरा तबल्याला. हार्मोनियम दोन्हींत आपोआप येते आणि बहुधा हवी तितकीच येते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवा आणि गायकाच्या माइकच्या पाठीमागे तीन-चार फुटांवर ठेवा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या, माइकला मागून फार कमी ऐकू येतं.

वाड्याच्या दगडी भिंती आणि फरशी आवाज परतवतात. खाली सतरंजी, गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या, एवढ्यानं मोठा फरक पडतो.

हातातला रेकॉर्डर असेल तर

झूम एच-१-एन किंवा टॅस्कॅम डीआर-०५-एक्स सारखा रेकॉर्डर यूएसबीनं जोडला की तो विचारतो: कार्ड रीडर की ऑडिओ इंटरफेस? फाइल घ्यायच्या असतील तर पहिला पर्याय. मग तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. फाइल संगणकावर कॉपी करा, उघडून शेवटपर्यंत वाजतात का ते ऐका, इजेक्ट करा आणि मगच कार्ड पुसा. कार्ड संगणकात फॉरमॅट करू नका. रेकॉर्डरच्याच मेन्यूतून करा.

हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात पुन्हा रेकॉर्ड करणं टाळा. फाइल आधीच आकड्यांत असताना तिचा पुन्हा आवाज करून परत आकडे करण्यात नुकसानच आहे.

डॅट, मिनीडिस्क आणि कॅसेट

१९८७ साली आलेल्या डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर, अनेक संगीतप्रेमींनी मैफली जपल्या. डॅट डेकच्या मागे डिजिटल आउट असेल तर तीच वापरा: आरसीए पिनेची कोअ‍ॅक्शिअल किंवा लाल उजेडाची ऑप्टिकल. त्यासाठी तुमच्या पेटीला एसपीडिफ (S/PDIF) हे डिजिटल इनपुट हवं. कोअ‍ॅक्शिअलसाठी ७५ ओहमची वायर घ्या. जुन्या व्हिडिओची पिवळ्या पिनेची वायरही चालते. पेटीच्या सेटिंगमध्ये क्लॉक इंटर्नलवरून एसपीडिफवर न्या. हे राहून गेलं की दोन घड्याळं वेगळी चालतात आणि दर काही सेकंदांनी टिक्‌ येते. डॅट ४८, ४४.१ किंवा ३२ किलोहर्ट्‌झवर असू शकतं. डेकच्या पडद्यावर आकडा पाहून तोच संगणकात ठेवा. लहान मिनीडिस्क यंत्रांना बहुधा डिजिटल आउट नसते, तिथे लाइन आउटच वापरावी लागते.

कॅसेटडेकच्या लाल-पांढऱ्या लाइन आउटमधून आरसीए ते पी-थर्टीएट मोनो अशा दोन वायरी घ्या, डावी इनपुट एकला आणि उजवी दोनला. पेटीवरचा खटका लाइनवर, इन्स्ट्रुमेंटवर नाही. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि वाळू द्या.

इथे एक चूक हमखास होते. वॉकमनच्या हेडफोनमधून स्टिरिओ पिनेची एकच वायर एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली जाते. ती पेटी दोन तारांमधला फरक घेते, हे वर आलंच. स्टिरिओत गायक दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून गायक कापला जातो आणि कडेची वाद्यं व पोकळ प्रतिध्वनी उरतो. टेप खराब झाली असं समजून ती फेकण्याआधी वायर बदलून पाहा.

फाइल

४८,००० हर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला सुमारे १७ एमबी, तासाला १ जीबीच्या किंचित वर. मोनो त्याच्या निम्मी. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, म्हणजे या हिशोबानं चार तासांहून थोडी जास्त. रात्रभराची मैफल असेल तर मध्यंतरात थांबवून नवी फाइल सुरू करा.

मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅक जागा कमी घेते आणि त्यात आवाजाचं काहीही गमावत नाही. एमपी-थ्री फक्त गुरुजींना मोबाइलवर पाठवण्यासाठी, आणि तीही मूळ फाइलची प्रत काढून. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. नाव देताना वर्ष-महिना-दिवस आधी, मग राग, ताल, पट्टी: "यमन-तिलवाडा-काळी एक" असं. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात. रेकॉर्डिंग झालं त्याच रात्री निदान दुसरी प्रत काढून ठेवा.